अवजार उसने, मजकूर आपला

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि आपण

गेल्या अंकात या सदरात मुक्तस्रोत, म्हणजे आपण ज्याला सर्रास ओपन सोर्स म्हणतो, त्या सॉफ्टवेअरची ओळख करून दिली होती : ज्याची मूळ संहिता (सोर्स कोड) कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येते असे हे सॉफ्टवेअर. त्यावर आलेल्या पत्रांत आभार थोडे आणि गाऱ्हाणी अधिक आहेत. इंदूरच्या वाचकांचा सूर तर "तुम्ही सांगितले तसे केले आणि तोंडघशी पडलो" असाच आहे. मीही इंदूरचाच असल्यामुळे ही मंडळी उद्या राजवाड्यावर भेटतील तेव्हा उत्तर द्यावेच लागेल. ते आज इथेच देतो.

प्रश्न : आमच्या मंडळाची गणेशोत्सवाची स्मरणिका गेली अकरा वर्षे मी घरच्या संगणकावर तयार करतो. यंदा चोरीच्या प्रतीवर काम करायचे नाही असे ठरवून लिनक्स ही मुक्तस्रोत संगणकप्रणाली बसवली. मजकूर लिबरऑफिसमध्ये, छायाचित्रे गिम्पमध्ये आणि पानांची मांडणी स्क्रायबसमध्ये केली. स्क्रायबसमध्ये 'स्थिती' या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली आणि जोडाक्षरे फुटून हलन्त दिसू लागले. म्हणून मजकुराची चित्रे करून ती पानांवर चिकटवली आणि कसेबसे 48 पानांचे पीडीएफ केले. मुद्रकाने प्रूफ काढले, तर बारीक काळ्या अक्षरांना लाल-निळी कड आलेली. शेवटी पुतण्याच्या लॅपटॉपवर, त्याने दरमहा भाडे भरून घेतलेल्या अडोबी कंपनीच्या इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन रात्री जागून सगळे पुन्हा केले. स्मरणिका वेळेवर निघाली, पण आपण तत्त्व सोडले ही बोच राहिली आहे. पुढच्या वर्षी काय करावे?
एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आधी रोगाचे निदान करू, तत्त्वाकडे नंतर वळू. वेलांटी पुढे जाऊन बसणे आणि जोडाक्षर फुटणे या लक्षणांवरून आपण स्क्रायबसची 1.4 मालिकेतील जुनी आवृत्ती बसवली असावी. त्या मालिकेला देवनागरीची जुळणी करताच येत नव्हती. संगणकात अक्षरे ज्या क्रमाने साठवलेली असतात त्याच क्रमाने ती कागदावर ओळीने मांडली जात, आणि साठवणीत वेलांटी ही व्यंजनानंतरच येते. ही उणीव 1.5 या प्रायोगिक मालिकेत दूर झाली आणि 2024 च्या जानेवारीत आलेल्या 1.6 या स्थिर आवृत्तीत ती सुधारणा सर्वांच्या हाती पडली. लिनक्सच्या जुन्या संचाबरोबर जुनेच स्क्रायबस येते, त्यामुळे आवृत्तीचा आकडा पाहिल्याशिवाय काम सुरू करू नये. गेल्या अंकात हे सांगायला हवे होते. ती चूक माझी.

दुसरा घोटाळा पहिल्यातूनच जन्मला. आपण मजकुराचे चित्र केले ते गिम्पमध्ये, आणि गिम्प मुळात पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत काम करते. छापखान्यातील शाया चार : निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. पडद्यावरचा काळा रंग छपाईसाठी रूपांतरित होताना चारही शायांत वाटला जातो. चार प्लेटा केसभर जरी इकडेतिकडे झाल्या तरी दहा पॉइंटच्या अक्षराला रंगीत कड दिसते. मजकूर मजकूरच राहिला असता तर स्क्रायबसने तो निव्वळ काळ्या शाईत पाठवला असता, कारण चार शायांचे गणित आणि छपाईयोग्य पीडीएफ या दोन बाबतींत ते कुठेही कमी पडत नाही. छायाचित्रांपुरती अडचण मात्र खरी आहे. 2025 च्या मार्चमध्ये आलेल्या गिम्प 3.0 मध्ये छपाईचे रंग कसे दिसतील याचे पूर्वदर्शन मिळते आणि काही स्वरूपांत चार शायांची फाइलही काढता येते, परंतु संपूर्ण काम त्या चार शायांतच करण्याची सोय अद्याप नाही. ती क्रिटामध्ये आहे. पण क्रिटा चित्रकारांसाठी घडवलेले आहे आणि छायाचित्रांच्या दुरुस्तीसाठी हाताला तितकेसे सोयीचे नाही.

म्हणजे आपली फजिती काही अंशी जुन्या आवृत्तीमुळे आणि काही अंशी खऱ्याखुऱ्या उणिवेमुळे झाली. या उणिवेमागे कारण आहे. मुक्तस्रोत प्रकल्पांत आधी पुरी होते ती प्रोग्रॅमरांची स्वतःची गरज, आणि प्रोग्रॅमर मंडळी सहसा स्मरणिका छापत नाहीत. जिथे पैसा आणि वापरणारे कसबी लोक एकत्र आले तिथे चित्र वेगळे दिसते. ब्लेंडर हे त्रिमिती ॲनिमेशनचे सॉफ्टवेअर 2002 साली लोकांनी चक्क वर्गणी काढून, एक लाख युरो जमवून मुक्त करून घेतले, आणि 2025 साली सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियातील चित्रपट त्याच ब्लेंडरवर बनलेला आहे. वर्गणीचे महत्त्व गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्याला मी काय सांगावे!

आता बोचीविषयी. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली तेव्हा मुक्त अशी संगणकप्रणालीच अस्तित्वात नव्हती. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्नूची अवजारे घडवली ती युनिक्स या मालकीच्या प्रणालीवर बसून, आणि युनिक्सला पर्याय उभारण्यासाठीच युनिक्स वापरणे समर्थनीय आहे अशी त्यांची भूमिका होती. या चळवळीत त्यांच्याइतका कर्मठ माणूस दुसरा नाही. त्यांनाही इतकी मुभा घ्यावी लागली.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. लिनक्सच्या गाभ्यात जगभरातून येणाऱ्या बदलांची नोंद ठेवण्यासाठी 2002 ते 2005 या काळात लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स बिटकीपर नावाचे मालकीचे सॉफ्टवेअर वापरत होते, कारण त्या तोडीचे मुक्त अवजार त्यांना मिळत नव्हते. त्यावरून बरीच वादावादी झाली. 2005 साली एका तंट्यावरून मालकाने मोफत वापराचा परवाना काढून घेतला, तेव्हा टोरव्हाल्ड्स यांनी काही दिवसांत गिट लिहायला घेतले; आज जगातले बहुतेक सॉफ्टवेअर ज्यात सांभाळले जाते तेच हे गिट. मला त्यांचे कौतुक वाटते ते वेगळ्या कारणासाठी. परवाना गेला त्या दिवशी लिनक्सची संहिता जशीच्या तशी त्यांच्या हातात होती. बदलांचा जुना इतिहास मात्र नव्या भांडारात आला नाही. तो वेगळा जतन करावा लागला. उसन्या अवजाराचे भाडे असे कुठे ना कुठे वसूल होतेच. तेवढे सोसण्याजोगे आहे का, इतकेच आधी पाहायचे.

जे सोसण्याजोगे नसते तेही मी पाहिले आहे. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात काडेपेटीएवढे एक राखाडी डोंगल अजून पडलेले आहे. नव्वदीच्या दशकात ज्या मराठी सॉफ्टवेअरवर मी पोट भरत होतो ते सॉफ्टवेअर, हे डोंगल संगणकाच्या मागे प्रिंटरच्या खोबणीत लावल्याशिवाय चालतच नसे. आज तशी खोबण असलेला संगणक घरात नाही. पण डोंगलाहून मोठी अडचण फाँटची झाली. त्या काळच्या फाँटांत 'क' हे अक्षर 'क' म्हणून साठवलेले नसे. एखाद्या रोमन अक्षराच्या जागेवर 'क'चे नुसते चित्र बसवलेले असे. त्यामुळे 1999 सालच्या एका स्मरणिकेची सीडी मी अलीकडे उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची भेळ आली. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने बरेचसे सरळ केले, तरी रफार भलत्याच अक्षरांवर चढले होते आणि ते उतरवण्यात तीन रविवार गेले. मजकूर आमच्याच सभासदांचा, टंकलेखन माझे, आणि वाचण्याची किल्ली तिसऱ्याच्या खिशात, असा तो प्रकार होता.

म्हणून आपल्याला माझी सूचना अशी. लेख, नावांच्या याद्या, जाहिरातींचा मजकूर हे सर्व युनिकोडमध्ये, म्हणजे 'क' हा 'क' म्हणूनच साठवणाऱ्या सामाईक पद्धतीत, लिबरऑफिसच्या ओडीएफ फाइलींत ठेवावे. हे स्वरूप 2006 पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि उद्या लिबरऑफिस बंद पडले तरी दुसरे कोणी ते वाचू शकेल. छायाचित्रांच्या मूळ प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये, हात न लावता जपाव्यात. फाँट मुक्त परवान्याचा निवडावा. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता, किंवा नोटो, दोन्ही विनामूल्य असून स्क्रायबसमध्येही चालतात आणि इनडिझाइनमध्येही. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हवे असतील तर मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी अशी नोंदवावी. ज्या फाँटात मराठी वळणे घातलेली आहेत त्यात ती तेव्हाच उमटतात, आणि इंदूरच्या छापखान्यांत हे हमखास राहून जाते.

इतके झाले की पानांची मांडणी हे शेवटचे आठ दिवसांचे काम उरते. ते पुढच्या वर्षी नव्या स्क्रायबसवर, पण गणपतीच्या दोन महिने आधी, चार पानांचा एक नमुना मुद्रकाकडून काढून घेऊन तपासावे. जमले तर उत्तम. न जमल्यास पुतण्याचा लॅपटॉप निःसंकोच मागावा; मात्र काम संपल्यावर छपाईच्या पीडीएफबरोबर अंतिम दुरुस्त्या झालेला मजकूरही बाहेर काढून आपल्या फोल्डरमध्ये परत आणावा. हे नेमके कोणी करत नाही. प्रूफांतल्या सगळ्या दुरुस्त्या इनडिझाइनच्या फाइलीत अडकून राहतात आणि पुढच्या वर्षी त्याच चुका पुन्हा छापल्या जातात.

जाता जाता एक गंमत. देवनागरीची जोडाक्षरे योग्य रीतीने जुळवणारे हार्फबझ नावाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लिबरऑफिस, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड यांच्या पोटात आहे, तसेच ते अडोबीच्या इनडिझाइनमध्येही आहे. पुतण्याच्या लॅपटॉपवर आपली वेलांटी जागेवर बसली, त्यातही मुक्तस्रोताचा हात असण्याची शक्यता बरीच आहे.

प्रश्न : माझ्या दिवंगत सासऱ्यांची, 1950 च्या दशकात खिळ्यांच्या छपाईत निघालेली तीन प्रवासवर्णने मला संगणकावर मजकूररूपात आणायची आहेत. मुलाने टेसरॅक्ट हे छापील पाने वाचणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बसवून दिले, पण ते 'ख' चा 'रव' करते, 'द्य' चा 'घ' करते, आणि झिजलेल्या खिळ्यांची ओळ आली की काहीही लिहिते. तीच पाने गूगलने बरीच स्वच्छ वाचली. माझ्या मुलाला हे पटत नाही. घरचा ठेवा परक्या कंपनीच्या हाती का द्यायचा, असे त्याचे म्हणणे आहे.
एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या चिरंजीवांचा प्रश्न योग्य आहे, पण या पुस्तकांना तो लागू पडत नाही. ही पुस्तके एकदा छापून लोकांपर्यंत गेलेली आहेत, त्यांत लपवण्यासारखे काही नाही, आणि लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क वारसांकडे असल्याने निर्णयही आपल्या कुटुंबाचाच आहे. सासऱ्यांची खासगी रोजनिशी किंवा घरची पत्रे असती तर मी त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो आणि ती घरच्याच संगणकावर, कितीही वेळ लागो, हातांनी टंकून घ्यावीत असे सांगितले असते.

टेसरॅक्टचा जन्म ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत 1980 च्या दशकात झाला आणि 2005 मध्ये ते मुक्त करण्यात आले. स्वच्छ, आधुनिक फाँटांत छापलेली मराठी ते चांगली वाचते. खिळ्यांच्या छपाईत मात्र शाई पसरलेली असते, मात्रा तुटलेल्या असतात आणि एकाच पानावर दोन वळणांचा 'अ' सापडतो. असे नमुने शिकवल्याशिवाय यंत्राला ते उमगत नाहीत, आणि शिकवण्यासाठी लागणारा साठा मोठ्या कंपन्यांकडे अधिक आहे. मुक्त ज्ञानाच्या चळवळीत अग्रभागी असलेल्या विकिस्रोत या ऑनलाइन ग्रंथालयावरही पाने वाचण्याच्या साधनात टेसरॅक्टबरोबर गूगलचा पर्याय दिलेला आहे, आणि हाती आलेला मजकूर माणसेच तपासतात. आपणही तेच करावे.

पाने 300 डीपीआय किंवा त्याहून अधिक स्पष्टतेने स्कॅन करावीत. फोनने फोटो काढणार असाल तर पुस्तकाच्या कण्याजवळ पान वळते तिथल्या ओळी वाकतात आणि तिथेच सर्वाधिक चुका होतात, म्हणून पानावर काच ठेवावी. वाचून आलेला मजकूर साध्या युनिकोड फाइलीत, पानाच्या क्रमांकासह, मूळ स्कॅनच्या शेजारी ठेवावा. गूगलची सेवा आज आहे तशी राहीलच असे नाही : पिकासा 2016 मध्ये बंद झाले, आणि छायाचित्रांची अमर्याद विनामूल्य साठवण 1 जून 2021 पासून थांबली. पण आपले काम पाने वाचून घेण्यापुरतेच आहे; ती सेवा उद्या बंद झाली तरी वाचलेली पाने आपल्याजवळच राहतील. चिरंजीवांना मुद्रितशोधनाला बसवावे. 'रव' चा 'ख' करणे त्यांना जमेल, आणि आजोबांचे लेखनही त्या निमित्ताने वाचून होईल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुन्या फोनमधून गूगलच्या सर्व सेवा काढून त्यावर मुक्तस्रोत अँड्रॉइड बसवले. नकाशासाठी ऑरगॅनिक मॅप्स, बाकी ॲप्ससाठी एफ-ड्रॉइड हे मुक्तस्रोत ॲप्सचे भांडार. सगळे छान चालते. फक्त बँकेचे ॲप "आपले उपकरण सुरक्षित नाही" म्हणून उघडण्यास नकार देते. सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री दोनशे रुपये देण्यासाठी मित्राकडे हात पसरावा लागतो. ती तपासणी चुकवण्याच्या युक्त्या मिळतात, त्या कराव्यात का?
एक विद्यार्थी, विजयनगर, इंदूर

उत्तर : करू नयेत. ॲप फोनची प्रणाली मूळ स्वरूपात आहे की नाही हे गूगलच्या तपासणीतून विचारते आणि उत्तर नकारार्थी आले की बंद होते. आपली प्रणाली प्रत्यक्षात अधिक सुरक्षित असेलही. तपासणी मात्र सुरक्षिततेपेक्षा प्रमाणपत्र पाहते, आणि हा अन्याय आहे असे माझेही मत आहे. तरीही जिथे पैसे आहेत तिथे कुलूप फसवणारे ॲप बसवण्यात धोका आपलाच आहे. काही गडबड झाली तर बँक प्रथम त्याच युक्तीकडे बोट दाखवील.

इथे एक भेद ध्यानात घ्यावा. ॲप बंदिस्त असले तरी ज्या रस्त्यावरून पैसे जातात तो यूपीआयचा रस्ता 2016 पासून सर्व बँकांना सामाईक आहे. सराफ्यातला भुट्ट्याचा किस देणारा दुकानदार जी क्यूआर पाटी लावतो तिच्यावर कोणत्याही कंपनीच्या यूपीआय ॲपने पैसे देता येतात, आणि ॲप बदलले म्हणून खाते बदलावे लागत नाही. अशा ठिकाणी बंदिस्त ॲप वापरणे मला फारसे खुपत नाही, कारण सोडून जाण्याची वाट उघडी आहे. आपण साधा, स्वस्त, मूळ प्रणालीचा एक फोन केवळ पैशांसाठी ठेवावा आणि त्यावर दुसरे काहीही बसवू नये. तेही नको असेल तर तारांकन 99 हॅश ही साध्या फोनवरची सेवा आहे आणि 2022 च्या मार्चपासून यूपीआय 123पे आहे. दोन्हींना इंटरनेट लागत नाही. गर्दीत, मागे रांग खोळंबलेली असताना, त्या आकड्यांच्या पायऱ्या चढणे कठीण जाते हे मान्य. खिशात दोनशेची एक नोट ठेवणे हाही पर्यायच आहे, आणि त्याचा स्रोत कोणी विचारत नाही.

नकाशाबद्दल एक शब्द. ऑरगॅनिक मॅप्स ज्या ओपनस्ट्रीटमॅपवर चालते त्यात इंदूरच्या गल्ल्या चांगल्या आहेत, पण दुकाने आणि घरक्रमांक विरळ. आपल्या कॉलनीतील दवाखाने आणि औषधांची दुकाने आपण स्वतः त्यात भरू शकता. एका रविवारी एक कॉलनी होते.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाचा गट व्हॉट्सॲपवरून सिग्नल या मुक्तस्रोत संदेश-ॲपवर न्यावा असे मी सुचवले. दीडशेपैकी सातजणी आल्या. आता काय करू?
एक वाचिका, सुदामानगर, इंदूर

उत्तर : परत यावे, आणि त्यात कमीपणा मानू नये. संदेश वाटेत कोणी वाचू नयेत यासाठी व्हॉट्सॲप 2016 पासून सिग्नलचीच कुलपाची पद्धत वापरते, त्यामुळे हळदीकुंकवाचे निमंत्रण दोन्हीकडे सारखेच झाकलेले आहे. कोण कोणाशी किती बोलते याची माहिती मात्र व्हॉट्सॲपच्या मालकाकडे जाते. इथली खरी अडचण निराळी आहे. यूपीआयसारखा सामाईक रस्ता इथे नाही, त्यामुळे एकटीने दुसरीकडे राहून पलीकडच्या गटाशी बोलता येत नाही. जिकडे गट तिकडेच जावे लागते. तेव्हा गट तिथेच राहू द्यावा, पण मंडळाची वही तिथे ठेवू नये. सभासदांची नावे, फोन क्रमांक, वर्गणीचा हिशेब आणि सभांचे इतिवृत्त आज गटातल्या संदेशांत विखुरलेले असणार. ज्या ताईंच्या फोनमध्ये ते आहे तो फोन बिघडला की सगळे गेले. ते एका लिबरऑफिसच्या तक्त्यात उतरवून घ्यावे, त्याची एक प्रत चिटणीसांकडे आणि एक खजिनदारांकडे द्यावी. त्या सातजणींपैकी दोघी-तिघी या कामाला नक्की बसतील.